दारापुढचा गाळ कुणाचा?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरातून पुराचं पाणी उतरलं तेव्हा फरशीवर घोटाभर गाळ होता. पंचगंगेच्या पुराचा गाळ ज्यानं काढलाय, त्याला तो कसा असतो हे सांगायची गरज नाही. पायाला लोण्यासारखा लागतो आणि चार वेळा साबण लावला तरी हाताचा वास जात नाही. ड्रेनेजचं पाणी, कुणाच्या तरी गाडीतलं डिझेल, कुजलेलं धान्य, मेलेल्या घुशी, सगळं त्यात मिसळलेलं. घरातली आम्ही पाच माणसं सकाळी सातला भिडलो. खोऱ्यानं ओढायचा, घमेल्यात भरायचा, उंबऱ्याबाहेर नेऊन ओतायचा. दुपारी फरशी दिसायला लागली तेव्हा आईनं देवाला हात जोडले. दारापुढच्या फूटपाथवर तोवर कमरेएवढा ढीग झाला होता. त्याच्याकडं आमच्यातल्या कुणाचंच लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या आक्का दूध आणायला बाहेर पडल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण रोजचं दूध स्वतःच आणायची. आमच्या ढिगाला वळसा घालायला त्या फूटपाथवरून खाली उतरल्या आणि ढिगातून ओघळलेल्या गाळावरून त्यांचा पाय सटकला. मनगट मोडलं. मी धावत जाऊन उचललं तेव्हा चेहरा दुखण्यानं पांढरा पडला होता, तरी मलाच समजावत म्हणाल्या, "असू दे रं बाळा. तुझा काय दोष? पुराचा गाळ हाय."

त्यांचं हे बोलणं मी आजवर मान्य करू शकलेलो नाही. गाळ पुरानं आणला हे खरं. पण तो माझ्या घरातून उचलून लोकांच्या वाटेवर मी टाकला होता.

म्हणून मला जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो. आपल्या घरापुढची, दुकानापुढची पायवाट चालण्याजोगी ठेवणं ही तिथल्या माणसाची जबाबदारी आहे. ती नुसती संस्कारावर, शेजारधर्मावर सोडून भागत नाही. ती नियमात लिहिलेली पाहिजे: किती फूट, किती तासांत, आणि काढलेला गाळ ठेवायचा कुठं.

हे बोललं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. "घरफाळा कशाला भरतोय मग?" प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढं जाता येणार नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं सांगितली आहेत आणि सार्वजनिक रस्त्यांची साफसफाई त्यात आहे. पैसे नाहीत म्हणून महापालिकेला हात वर करता येत नाहीत, हेही ठरून गेलंय. १९८० मध्ये मध्य प्रदेशातल्या रतलामच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं. तिथल्या एका रस्त्यावरच्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध दाद मागितली होती, नगरपालिका तिजोरी रिकामी असल्याचं सांगत होती, आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती सबब मानली नाही. तेव्हा माझ्या म्हणण्याचा आधार घेऊन महापालिकेनं एक डंपर जरी कमी पाठवला, तरी मी तिच्याविरुद्ध उभा राहीन.

पण गाळाचं एक गणित आहे. ते घरफाळ्याच्या पावतीला कळत नाही.

पूर अनुभवलेली जुनी माणसं सांगतात, पाणी उतरत असतानाच खराटा फिरवायचा. पाणी पोटरीला असताना गाळ हलवला की तो पाण्याबरोबर निघून जातो. पाणी गेल्यावर तोच खोऱ्यानं ओढावा लागतो. दोन दिवस ऊन पडलं की वरची साय वाळते, आत ओलाच राहतो, आणि वरून घट्ट वाटलं म्हणून पाय ठेवणारा माणूस घसरतो. आठवड्यानं त्याला टिकाव लागते. पुढं तो फुटून धूळ होतो आणि घराघरांत खोकला सुरू होतो. २०१९ ला बाहेरच्या महापालिकांची पथकं आली, आपले सफाई कामगार रात्रंदिवस राबले, तरी शहरातल्या प्रत्येक बोळात पहिल्या दोन दिवसांत कुणीही पोचू शकत नव्हतं. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळी, सुतारवाडा, रमणमळा, सगळं एकाच वेळी उघडं पडलेलं. त्या दोन दिवसांत गाळापाशी हजर असतो तो फक्त त्या दाराचा माणूस.

ही अडचण एकट्या कोल्हापूरची नाही, आणि तिच्यावर विचार करून झालेला आहे. आपल्याकडं गाळ, तसा उत्तरेकडच्या थंड शहरांत बर्फ. पडल्या पडल्या तो हलका असतो, फावड्यानं उचलता येतो. चार माणसं त्यावरून चालली की दबतो, रात्रीच्या थंडीत गोठतो, आणि मग त्याची काच होते. म्हणून तिथल्या नियमांत सगळा भर तासांवर आहे. न्यूयॉर्कमध्ये दिवसा बर्फ थांबला तर इमारतीच्या मालकानं किंवा ताबेदारानं ४ तासांत आपल्यापुढचा फूटपाथ मोकळा करायचा, रात्री ९ नंतर थांबला तर दुसऱ्या दिवशी सकाळी ११ च्या आत. बोस्टनमध्ये मुदत ३ तासांची आहे आणि वाट किमान ४२ इंच रुंद हवी, म्हणजे साधारण साडेतीन फूट. एवढ्यातून व्हीलचेअर जाते, पाळणागाडी जाते. शिकागोत ५ फूट. शिवाय न्यूयॉर्कमध्ये फूटपाथवरचा बर्फ रस्त्यावर लोटायलाही बंदी आहे. हे वाचलं तेव्हा मला माझं घमेलं आठवलं.

त्याहून जास्त आठवल्या त्या आक्का. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात शंभरावर वर्षं न्यायालयं असं मानत होती, की बर्फ निसर्गानं पडला आणि त्यावरून कुणी घसरलं तर जागेच्या मालकाचा दोष नाही. मालकानं त्याला हात लावला, ढीग केला, त्यातून धोका झाला, तरच दोष. पुढं एका दुकानाच्या पार्किंगमधलं प्रकरण वर गेलं. तिथं बाजूला लोटलेल्या बर्फाचा ढीग होता. माणूस घसरला तो त्या ढिगातून सुटलेल्या किंवा वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फावरून. आता हा बर्फ निसर्गाचा म्हणायचा की माणसाचा? २०१० मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं हा भेदच मोडीत काढला. जागा ज्याच्या ताब्यात आहे त्यानं तिथल्या इतर कुठल्याही धोक्याबाबत घ्यावी तशी वाजवी काळजी बर्फाबाबतही घेतली पाहिजे, बर्फ कसा आला हा मुद्दा नाही, असं ठरलं. "पुराचा गाळ हाय" या बोलण्याला इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडं कुठं मिळालेलं नाही.

सगळी शहरं असंच करतात असं मात्र नाही, आणि जे मला सोयीचं नाही तेही सांगितलं पाहिजे. कॅनडातलं मॉन्ट्रियल फूटपाथवरचा बर्फ स्वतः काढतं, छोट्या यंत्रांनी, आणि गाड्या भरून शहरातल्या ठरलेल्या जागी नेऊन टाकतं. त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. फूटपाथ ही सलग वाट आहे. वीस घरांनी आपापला तुकडा साफ केला आणि एकविसाव्यानं नाही केला, तर चालणाऱ्याला त्या विसांचा उपयोग नाही. रस्ता साफ करताना आपण प्रत्येक घराला "तुझ्यापुढचं डांबर तू झाड" म्हणत नाही, मग पायी चालणाऱ्याच्या वाटेला वेगळा न्याय का? माझ्याकडं याला तत्त्वाचं उत्तर नाही, व्यवहाराचं आहे. मॉन्ट्रियलला दर हिवाळ्यात बर्फ पडतो, म्हणून तिथं यंत्रं आणि माणसं कायमची ठेवणं परवडतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी गाठते, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ती ५५ फुटांच्याही वर गेली. पण दरवर्षी जात नाही. ज्या दोन दिवसांची गरज काही वर्षांतून एकदा पडते, त्यासाठी बोळाबोळात यंत्र उभं करून ठेवणारी महापालिका मला नजीकच्या काळात दिसत नाही. ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी मी माझं म्हणणं मागं घेईन.

दुकानांचा विषय निघाला की माझा आवाज चढतो. महाद्वार रोड घ्या, राजारामपुरीची मुख्य गल्ली घ्या, लक्ष्मीपुरी घ्या. शटरपुढची चार-पाच फूट जागा कागदावर कुणाचीही असो, रोजच्या वापरात ती दुकानाची आहे. तिच्यावर फळकूट येतं, पुतळे उभे राहतात, पोती येतात, दुचाकी चढवायला सिमेंटचा उतार होतो, वर पत्रा येतो. गिऱ्हाइकानं तिथं गाडी लावली तर दुकानदार जाब विचारतो. वर्षभर जी जागा आपली म्हणून आपण राखतो, ती गाळ आल्यावर एका रात्रीत महापालिकेची कशी होते? मी व्यापाऱ्यांच्या विरोधात नाही. २०१९ ला शाहूपुरीतल्या आणि बापट कॅम्पमधल्या कुंभारांच्या गणेशमूर्ती सणाच्या तोंडावर पाण्यात गेल्या, त्यांचं वर्षाचं पोट गेलं, आणि अशा माणसाला त्याच आठवड्यात दंडाची नोटीस देणारा नियम मला नको आहे. पण ज्या दुकानाचा माल गेलेला नाही, ज्याच्याकडं चार कामगार आहेत, ज्यानं आतली फरशी धुऊन तो गाळ बाहेर गटरात लोटलाय, त्याला विचारायला नियम हवा.

गटरात लोटणं हा तर वेगळाच अपराध आहे. गटरातला गाळ जयंती नाल्यात जातो, नाला पंचगंगेकडं जातो, आणि नदी फुगली की तोच नाला उलटा शहरात शिरतो. आज लोटलेला गाळ त्याचं पात्र भरत राहतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कुणीही आपला कचरा रस्त्यावर, उघड्या जागेवर, गटरात किंवा पाण्याच्या पात्रात टाकू नये, असं बजावलं. त्याच वर्षीच्या बांधकाम कचऱ्याच्या नियमांनी वाळू-विटांचा राडारोडा स्वतःच्या आवारात ठेवायला सांगितलं. आपल्या गल्लीत घर बांधायला निघालेला माणूस खडी-वाळू कुठं टाकतो, ते प्रत्येकानं आठवून बघावं.

आता सगळ्यात अवघड भाग. मालक म्हणजे कोण?

जुन्या पेठांत हा प्रश्न विचारला की गल्ली गप्प होते. वाडा आजोबांच्या नावावर, हिस्सेदार अकरा, त्यातले सहा पुण्याला. खाली तीन पिढ्यांचा भाडेकरू, ज्याचा मालकाशी दिवाणी दावा चालू. मालक म्हणतो भाडं किती देतोस ते बघ, भाडेकरू म्हणतो वाडा तुझा, गाळ तुझा. प्रॉपर्टी कार्डावर नाव शोधत बसलो तर पुढचा पूर येईल. म्हणून नियमात मालक हा शब्दच नको. ज्याच्याकडं त्या दाराची किल्ली आहे, जो तिथं राहतो किंवा धंदा करतो, त्याची जबाबदारी. जागा बंद असेल तर मात्र घरफाळा ज्याच्या नावे निघतो त्याची. तो पुण्यात असो की दुबईत, महापालिकेनं माणूस लावून वाट मोकळी करावी आणि खर्च त्याच्या घरफाळ्याच्या बिलात चढवावा.

आणखी एक गोष्ट मला माझ्याच घरात बघून कळली. कोल्हापुरात दारापुढची जागा झाडायची रीत नवी नाही. सकाळी सडा पडतो, रांगोळी निघते, दिवाळीत गटरापर्यंत सारवण जातं. ते करते बाई. पन्नास वर्षं आमच्या दारापुढचा खराटा आईच्या हातात होता, आणि घराच्या कागदावर तिचं नाव कधीच नव्हतं. उद्या महापालिकेनं मालकावर जबाबदारी टाकली तर नोटीस वडिलांच्या नावानं येईल आणि खोरं आईच्या हातात जाईल. परवडत असेल तिथं एखाद्या रोजंदारीवरच्या बाईच्या हातात जाईल, हातमोजे आणि बूट नसताना. पुराच्या गाळात उंदरांच्या लघवीतून आलेले लेप्टोचे जंतू असू शकतात, पायाला जखम असली की ते आत शिरतात. महापालिकेला लोकांकडून काम हवं असेल तर पाणी उतरायच्या आधी वॉर्डावॉर्डात गमबूट, मोजे, खोरी, जंतुनाशक पोचलेलं पाहिजे. ही मेहरबानी समजू नये. या गोष्टी पोचल्याशिवाय मुदत सुरूच होता कामा नये.

मला सुचतंय ते असं. पाणी उतरल्यावर वॉर्ड ऑफिसनं भाग-भाग जाहीर करायचं, आजपासून तुमचे २४ तास. नदी किती फुटांवर आहे हे कोल्हापुरात पोराटोराला ठाऊक असतं, तेव्हा ही घोषणा पोचायला अडचण नाही. त्या २४ तासांत प्रत्येक दारापुढं तीन फूट वाट, शेजाऱ्याच्या वाटेला जोडलेली. गाळ रस्त्याच्या एकाच ठरलेल्या बाजूला, गटराच्या तोंडापासून लांब. पुढच्या २४ तासांत महापालिकेचा डंपर तो उचलणार, आणि नाही उचलला तर दंड दारवाल्याला लागू होणार नाही. दोन्ही बाजूंनी बांधलेलं असेल तरच लोक मानतील. आज लोक गाळ काढत नाहीत त्याचं मोठं कारण आळस नाहीच. "आपण काढून ठेवला तरी उचलायला येतंय कोण?" हा अनुभव आहे. ढीग आठ दिवस तिथंच पडून पावसानं परत दारात येतो, हे ज्यानं बघितलंय तो दुसऱ्यांदा खोरं धरत नाही.

ज्यांना जमणारच नाही त्यांचं काय? एकटी म्हातारी माणसं, आजारी, ज्यांचं घरच पडलंय असे. त्यांना सूट हवी, पण त्यांच्यापुढची वाट तशीच राहून चालणार नाही, नाहीतर मॉन्ट्रियलवाल्यांचं म्हणणं खरं ठरतं. इथं कोल्हापूरकडं एक गोष्ट आहे जी फार कमी शहरांकडं असेल: तालीम. पेठेपेठेत तालमी आणि तरुण मंडळं आहेत. २०१९ ला याच पोरांनी माणसं पाण्यातून काढली, जेवण पोचवलं, जनावरं हलवली. कुणी सांगितलं म्हणून केलं नाही. त्यांना आधीच यादी द्या, आमच्या बोळात कुणाकुणाला हाताची गरज आहे. साधनं द्या, आणि त्या दोन दिवसांचा मोबदलाही द्या. फुकटच्या उत्साहावर वर्षानुवर्षं शहर चालवू नये.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पादचाऱ्यांचा फूटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमात, म्हणजे जगण्याच्या हक्कात, बसवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळं किंवा उघड्या मॅनहोलमुळं मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई ठरवून दिली. म्हणजे महापालिकेच्या चुकीला आता किंमत लागू लागली आहे, आणि ते योग्यच आहे. पण आक्कांचं मनगट महापालिकेच्या खड्ड्यात मोडलं नव्हतं.

२०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा आलं, आधीच्या खुणेच्याही वर. या वेळी मी पाणी पोटरीला असतानाच खराटा घेऊन उतरलो. जे उरलं ते पोत्यांत भरून रस्त्याच्या कडेला रचलं आणि आमच्या दारापासून आक्कांच्या पायरीपर्यंत वाट धुऊन काढली. पलीकडच्या दोघांनी बघितलं, तेही लागले. सांगायला नियम नव्हता, तरी चार घरांपुढची फरशी संध्याकाळपर्यंत कोरडी झाली. दुसऱ्या दिवशी आक्का पिशवी घेऊन निघाल्या. मनगट तेव्हाही नीट वळत नव्हतं, म्हणून दुसऱ्या हातानं भिंतीचा आधार घेत. चार घरं ओलांडली. पाचवं दुकान कुलूपबंद, मालक गावात नाही, शटरपुढं फूटभर गाळ. त्या तिथं थोडा वेळ उभ्या राहिल्या, चप्पल पुढं करून बघितली, आणि दूध न घेता परत आल्या.